व्हार्सिटी : डच विद्यार्थ्यांची नौकाशर्यत आणि परंपरेचा हिशेब

१/२१
परंपरा जपावी की मोडावी, हा वाद दर पिढीला नव्याने पेटतो. दोन्ही बाजू त्यात एक गोष्ट गृहीत धरतात : परंपरा ही अखंड वस्तू आहे, घ्यायची तर सगळी आणि टाकायची तर सगळी. हे गृहीतक किती कच्चे आहे ते दाखवणारे एक दूरदेशीचे उदाहरण आजच्या धाग्यात मांडतो. नेदरलँड्समधील विद्यार्थ्यांच्या ‘व्हार्सिटी’ या नौकाशर्यतीचा हा इतिहास आहे. पहिली शर्यत १८७८ साली झाली. डच विद्यार्थ्यांची ही सर्वांत जुनी नौकाशर्यत. तिने इतक्या वर्षांत काय जपले आणि काय सोडले, याचा हिशेब बोधप्रद आहे.

२/२१
प्रथम शर्यतीचे आजचे रूप पाहू. उट्रेख्टजवळ हाउटन नावाचे गाव आहे. त्याच्या कडेने अॅम्स्टरडॅम-ऱ्हाइन कालवा जातो. सुमारे ७२ किलोमीटर लांबीचा हा कालवा १९५२ साली खुला झाला. एरवी तो अवजड मालवाहू जहाजांचा मार्ग. वसंताच्या सुरुवातीला एक दिवस मात्र त्याच्या काठावर देशभरातील विद्यार्थी गोळा होतात. प्रत्येकाच्या अंगावर आपापल्या क्लबच्या रंगाची वस्त्रे. दिवसभर अनेक शर्यती होतात, पण सर्वांचे डोळे एकाच शर्यतीकडे लागलेले असतात. तिचे नाव ‘औदे फीर’, म्हणजे ‘जुनी चौकडी’.

३/२१
या शर्यतीचे मूळ डच नाही. ते इंग्लंडात आहे. १८२९ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पहिली नौकाशर्यत हेन्ली येथे झाली. हॅरो शाळेतले दोन जुने मित्र, चार्ल्स मेरिव्हेल आणि चार्ल्स वर्ड्सवर्थ, पुढे एक केंब्रिजला आणि दुसरा ऑक्सफर्डला गेला. त्या दोघांच्या पुढाकारातून आव्हान दिले गेले आणि शर्यत ठरली. यातला वर्ड्सवर्थ हा कवी विल्यम वर्ड्सवर्थ यांचा पुतण्या. १८४५ पासून ही शर्यत लंडनमध्ये थेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक या टप्प्यात आली. अंतर सुमारे ६.८ किलोमीटर, आणि प्रत्येक नावेत आठ वल्हेकरी.

४/२१
‘व्हार्सिटी’ हा शब्दही इंग्रजीच. ‘युनिव्हर्सिटी’ या शब्दाचे ते बोलीतले लघुरूप. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील सुखवस्तू तरुणांना इंग्रजी खेळांचे मोठे आकर्षण होते. १८७७ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची शर्यत बरोबरीत सुटली. त्या शर्यतीच्या इतिहासात हा निकाल असा एकदाच लागला आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी डच विद्यार्थ्यांनी आपली शर्यत सुरू केली. नाव उसने, कल्पना उसनी. अनुकरणाचा आरोप करायचा तर पुरावा हातात तयार आहे.

५/२१
परंतु ज्या गावात ही कल्पना रुजली त्या गावाचे पाण्याशी असलेले नाते उसने नव्हते. ते गाव लायडन. स्पेनच्या फौजांनी या शहराला वेढा घातला होता. तो मोडण्यासाठी डचांनी स्वतःचेच बंधारे फोडले, शेतजमिनीवर पाणी सोडले आणि त्या पाण्यावरून सपाट तळाच्या नावा शहरापर्यंत आणल्या. ३ ऑक्टोबर १५७४ रोजी वेढा उठला. शहराच्या या चिकाटीची आठवण म्हणून ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याच्या पुढाकाराने १५७५ साली तेथे विद्यापीठ स्थापन झाले. लायडनची सुटका नावांनी केली आणि त्या सुटकेतून तिथले विद्यापीठ जन्मले.

६/२१
याच लायडनमध्ये १८७४ साली ‘न्योर्ड’ हा विद्यार्थ्यांचा नौका क्लब निघाला. नेदरलँड्समधील विद्यार्थ्यांचा तो सर्वांत जुना नौका क्लब. १८७६ साली जवळच्याच डेल्फ्ट शहरात ‘लागा’ हा क्लब सुरू झाला. १८७८ साली हे दोन क्लब एकमेकांसमोर उभे ठाकले, तीच पहिली व्हार्सिटी. वरवर पाहता हे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचेच डच प्रतिरूप : दोन शहरे, दोन क्लब, एक पाणी. परंतु थोडे थांबून पाहिले तर पहिल्याच दिवशी नक्कल मूळ प्रतीपासून वेगळी झाली होती, असे दिसते.

७/२१
कारण डेल्फ्ट हे त्या वेळी विद्यापीठच नव्हते. १८६४ पासून तेथे पॉलिटेक्निक शाळा होती. अभियंते घडवणाऱ्या या संस्थेला विद्यापीठाच्या तोडीचा दर्जा मिळाला तो १९०५ साली. म्हणजे ज्या शर्यतीच्या नावातच ‘विद्यापीठ’ आहे, तिच्या पहिल्या दोन स्पर्धकांपैकी एक विद्यापीठाबाहेरचा होता. एकीकडे लॅटिन, धर्मशास्त्र आणि कायदा यांची तीन शतकांची परंपरा. दुसरीकडे पूल, धरणे आणि यंत्रे यांचे नवे शिक्षण. प्रतिष्ठेच्या तराजूत ही दोन पारडी समान नव्हती. पाण्यावर मात्र त्यांना एकाच रेषेत उभे राहावे लागले.

८/२१
पुढे रांग वाढत गेली. ग्रोनिंगन येथील ‘एगिर’ १८७८ साली, उट्रेख्टचा ‘ट्रिटन’ १८८० साली आणि अॅम्स्टरडॅमचा ‘नेरेउस’ १८८५ साली स्थापन झाला. अॅम्स्टरडॅमची गोष्ट विशेष आहे. तेथील जुन्या उच्च शिक्षणसंस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला १८७७ साली, म्हणजे पहिल्या व्हार्सिटीच्या केवळ एक वर्ष आधी. लायडनच्या दृष्टीने हे कालचे पोर. तरीही या नवागतांना शर्यतीत जागा मिळाली. दोघांचे द्वंद्व संपले आणि अनेकांची स्पर्धा सुरू झाली.

९/२१
माझ्या मते व्हार्सिटीच्या इतिहासातील निर्णायक क्षण तो हाच. इंग्लंडातील मूळ शर्यत आज जवळजवळ दोन शतकांची होत आली, पण तिच्यात तिसऱ्याला प्रवेश नाही. त्या दोन घरांबाहेरच्यांनी काठावर उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, एवढीच अपेक्षा. डच विद्यार्थ्यांनी मूळ आराखडा घेतला आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची अट, दोघांचीच मक्तेदारी, गळू दिली. उसनी परंपरा आपली होते ती अशी : तिच्यात आपल्या मातीला सोसेल असा बदल करून. जशीच्या तशी ठेवली असती तर ती एक करमणुकीची नक्कल राहिली असती.

१०/२१
यावर आक्षेप येतो. दोघांच्या द्वंद्वात जी धार असते ती गर्दीत बोथट होते, असे म्हटले जाते. आक्षेप पोकळ नाही. वर्षानुवर्षे एकच प्रतिस्पर्धी समोर असला की वैराला खोली येते, हे मान्य करावे लागेल. परंतु निकालांकडे पाहा. औदे फीरमध्ये सर्वाधिक विजय आज नेरेउसच्या नावावर आहेत. १८७८ साली ज्या क्लबचा जन्मही झाला नव्हता, त्याने संस्थापकांना मागे टाकले. दार बंद राहिले असते तर ही शर्यत आपल्या सर्वांत यशस्वी क्लबाला मुकली असती आणि आपण कशाला मुकलो हे तिला कधी कळलेही नसते.

११/२१
क्लबांच्या नावांत त्या काळच्या तरुणांची मनोभूमिका दिसते. न्योर्ड आणि एगिर हे उत्तर युरोपच्या पुराणातील समुद्राशी निगडित देव. ट्रिटन आणि नेरेउस ग्रीक पुराणातील. रॉटरडॅमच्या क्लबाचे नाव ‘स्काडी’. पुराणकथेत स्काडी ही न्योर्डची पत्नी. तिला डोंगर हवेत, त्याला समुद्र. त्यामुळे त्यांचा संसार जमत नाही. लायडन आणि रॉटरडॅम यांच्या नावा शेजारी शेजारी लागल्या की या कथेची आठवण व्हावी. वाखेनिंगनच्या कृषी विद्यार्थ्यांनी ‘आर्गो’ हे नाव घेतले, सोनेरी लोकरीच्या शोधात निघालेल्या ग्रीक वीरांच्या जहाजाचे. विद्वत्तेचा मिरवलेला हा अलंकार आहे. पण देवांची नावे घेणारे हेच रोअर जिंकलेल्या पदकाला ‘ब्लिक’, म्हणजे पत्रा, म्हणतात.

१२/२१
आता दुसरी बाजू. हे आरंभीचे क्लब ‘कोअर’ नावाच्या विद्यार्थी संघटनांच्या छायेत वाढले. कोअर म्हणजे सधन घरांतील मुलांचे बंदिस्त जग. नव्या सदस्याला तेथे दीक्षाविधीतून जावे लागे. डच भाषेत या विधीचे जे नाव आहे त्याचा अर्थ ‘हिरवेपण काढून टाकणे’ असा होतो. कच्च्या पोराला पक्के करण्याच्या नावाखाली अपमान आणि छळ झाला, क्वचित जीवही गेला. हे सगळे ‘परंपरा’ या एका शब्दाच्या आड लपवले गेले. व्हार्सिटीचे गोडवे गाताना ही गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या मुळातून शर्यत उगवली त्यातच वर्गाभिमानाचे विषही होते.

१३/२१
विसाव्या शतकाने हे जग बाहेरून ढकलून रुंद केले. १९१३ साली रॉटरडॅमला व्यापार शिक्षणाची उच्च संस्था निघाली. १९१८ साली वाखेनिंगनच्या कृषी शिक्षणाला उच्च दर्जा मिळाला. १९२३ साली नाइमेखेनला कॅथलिक विद्यापीठ आले. दुसऱ्या महायुद्धानंतर आइंडहोव्हन आणि ट्वेंटे येथे तंत्रशिक्षणाच्या उच्च संस्था उभ्या राहिल्या. कारकुनांची, शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले शिकू लागली. कोअरमध्ये न गेलेल्या किंवा न सामावलेल्या विद्यार्थ्यांनी आपापले नौका क्लब काढले. आज व्हार्सिटीच्या काठावर दिसणारे रंग १८७८ च्या दोन रंगांपेक्षा कितीतरी अधिक आहेत.

१४/२१
या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ज्यात शर्यतीचा विषय क्षुल्लक ठरतो, पण शर्यतीतली माणसे कळतात. १९४० साली जर्मनीने नेदरलँड्स ताब्यात घेतला. त्या वर्षी ज्यू प्राध्यापकांना पदावरून दूर करण्यात आले. २६ नोव्हेंबर १९४० रोजी लायडनमध्ये कायद्याचे प्राध्यापक रुडॉल्फ क्लेव्हरिंगा यांनी आपले गुरू व सहकारी एदुआर्द मेयर्स यांच्या बडतर्फीचा जाहीर निषेध केला. लायडनच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला. डेल्फ्टचे विद्यार्थीही त्याच सुमारास संपावर गेले होते. आक्रमकांनी दोन्ही संस्था बंद केल्या. व्हार्सिटीची पहिली शर्यत ज्या दोन गावांत लागली, तीच ही दोन गावे.

१५/२१
१९४१ साली ज्यूंना संघटनांचे सदस्यत्व नाकारण्याचा हुकूम निघाला. तेव्हा अनेक विद्यार्थी कोअरांनी ज्यू सदस्यांना काढण्याऐवजी आपले कामच थांबवले. १९४३ साली विद्यार्थ्यांकडून आक्रमक सत्तेशी निष्ठेचे प्रतिज्ञापत्र मागितले गेले. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी सही नाकारली. ही मुले संत नव्हती. सधनतेची घमेंड त्यांच्यात होतीच. तरीही वगळण्याचा हुकूम वरून आला तेव्हा दार बंद करून आतल्यांनी सुखाने राहावे, हे त्यांतल्या पुष्कळांना पटले नाही. संस्थेपेक्षा सोबती मोठा मानला गेला. परंपरेची खरी परीक्षा अशा वेळी होते, उत्सवाच्या दिवशी नव्हे.

१६/२१
आता औदे फीरकडे वळू. ही सुकाण्यासह चौघांची नाव : चार जण वल्ही मारतात, पाचवा दिशा सांभाळतो आणि हुकूम देतो. वल्हे मारणाऱ्यांची पाठ पुढे असते. कुठे जात आहोत हे फक्त सुकाण्याला दिसते. शर्यतीचे अंतर ३००० मीटर. आंतरराष्ट्रीय नौकावहनात प्रमाण अंतर २००० मीटर आहे. शिवाय पुरुषांची सुकाण्यासह चौकडी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून वगळली गेली. म्हणजे डच विद्यार्थ्याच्या आयुष्यातील सर्वोच्च मानाची शर्यत अशा नावेत होते जी ऑलिंपिकला नको आहे, आणि अशा अंतरावर जे ऑलिंपिकमध्ये वल्हवले जात नाही.

१७/२१
सुधारक म्हणेल, हा वेडेपणा आहे. ज्या कौशल्याला बाहेर पदक नाही त्यावर तरुणांनी महिनोन्महिने का झिजावे? मला वाटते, हाच वेडेपणा जपावा. ३००० मीटर वल्हवल्याने कोणाचा हक्क हिरावला जात नाही. सुकाण्यासह चौकडी चालू ठेवल्याने कोणाचा अपमान होत नाही. जगात ज्याला बाजार नाही अशी एखादी गोष्ट केवळ आपल्या आधीच्यांनी केली म्हणून आनंदाने करणे, यात समाजाची श्रीमंती असते. निरुपयोगी असणे हा परंपरेचा दोष नाही. माणसांना वगळणे हा दोष आहे. या दोहोंची गल्लत केली की सुधारक निरुपद्रवी गोष्टींवर कुऱ्हाड चालवतात आणि सनातनी अन्यायालाही वारसा म्हणू लागतात.

१८/२१
व्हार्सिटीची सर्वांत प्रसिद्ध रीत याच कसोटीवर तपासू. औदे फीरचा निकाल लागला की विजयी क्लबाचे विद्यार्थी काठावर कपडे टाकतात, विवस्त्र होऊन कालव्यात उड्या घेतात आणि पोहत आपल्या नावेपर्यंत जातात. वसंतातले ते पाणी चांगलेच गार असते. सभ्यतेच्या चष्म्यातून हा आचरटपणा दिसेल. पण त्यातला अर्थ पाहा. वर्षभर राबले ते पाच जण. विजय मात्र पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा. अंगावरचा क्लबचा रंग, बापाचा हुद्दा, अंगरख्याची किंमत, सगळे काठावर राहते. ज्या शर्यतीने वर्गाभिमानाच्या घरात जन्म घेतला, तिचा उत्कर्षबिंदू वस्त्रांचा भेद पुसून टाकणारा असावा, हा योग मला मोलाचा वाटतो.

१९/२१
एक प्रश्न मात्र टाळता येणार नाही. १८७८ साली, पहिली व्हार्सिटी झाली त्याच वर्षी, आलेत्ता याकोब्स यांनी वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण केली. डच विद्यापीठात रीतसर शिकून डॉक्टर होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शर्यतीचा मुख्य मान मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या चौकडीचाच राहिला. इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या स्त्रियांची पहिली शर्यत १९२७ साली झाली आणि पुरुषांच्याच टप्प्यावर शर्यत मिळायला २०१५ साल उजाडले. आज व्हार्सिटीतही स्त्रिया वल्हे मारतात. पण शर्यत भरवणे आणि मान देणे यांत अंतर आहे. कसोटी सोपी आहे : चौघींची नाव जिंकली तर काठावरची गर्दी तितक्याच आवेगाने पाण्यात झेपावते का?

२०/२१
या विषयाचा एक धागा आपल्याकडेही पोहोचतो. इंग्रजी विद्यापीठांतील नौकावहनाची हीच कल्पना ब्रिटिश काळात पुण्यातही रुजली. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबाचे विद्यार्थी १९२८ पासून मुळा नदीवर ‘रेगाटा’ साजरा करतात. हा शब्दही मूळचा व्हेनिसचा, पुढे इंग्रजीतून आलेला. पण पुण्याच्या विद्यार्थ्यांनी त्यात अंधारातल्या पाण्यावरच्या मशाली आणि नावांच्या रचना आणल्या. शर्यतीचे बीज इथे सोहळा झाले. तिकडे कालव्यात उडी, इकडे नदीवर मशाल. एकाच बीजाची दोन झाडे. आणि दोन्ही ठिकाणी मूळ मालकाला न विचारता केलेला बदलच आपलेपणाची खूण ठरला.

२१/२१
सारांश असा. व्हार्सिटीने नाव, नाव वल्हवण्याची रीत, जुने अंतर आणि गार पाण्यातली उडी जपली, आणि ते उत्तम केले. तिने दोघांची मक्तेदारी सोडली, कोअरच्या भिंतीबाहेरच्यांना जागा दिली, आणि ते त्याहून उत्तम केले. जे अजून पुरते सुटलेले नाही ते सोडल्याने तिचे काही कमी होणार नाही. नेरेउसचा इतिहास त्याचा दाखला आहे. आपल्या गावातील, मंडळातील वा महाविद्यालयातील एखाद्या परंपरेविषयी वाद निघाला तर ‘ही जुनी आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘हिच्यामुळे दाराबाहेर कोण उभे आहे’ हे आधी विचारावे. दाराबाहेर कोणी नसेल तर ती कितीही विचित्र असो, खुशाल जपावी. कोणी असेल तर आधी दार उघडावे. आपल्या परिसरातील अशा परंपरांविषयी वाचकांनी अवश्य लिहावे.